सात पावलांवरचं कार्ड

सकाळी शेडचे पडदे वर करून सूनबाई मेलेली पिल्लं वेचायला लागली, आणि अकरावं पिल्लू हातात आल्यावर तिचा धीर सुटला. रोगानं मेलेलं एकही नव्हतं. कुणाचा पाय कुरतडलेला, कुणाची मान. पाण्याच्या पाइपाखालच्या तुसात उंदरांच्या येण्याजाण्यानं चक्क पायवाट पडली होती.

"आबा!" ती तिथूनच ओरडली. "आज बाजाराला जायचं. ती छऱ्याची बंदूक आजच्या आज आणायची!"

सासरे अंगणात दाढी करत होते. आरसा खाली न ठेवता म्हणाले, "अगं, बंदूक म्हणजे काय भाजी आहे? चार दुकानं बघावी लागतात."

"दुकान एकच आहे. आणि तुम्ही दोन महिने नुसतं बघताय!"

तिचं काही चूक नव्हतं. आसपासच्या रानात कापणी उरकली होती. उघडी जमीन तापून भेगाळली होती, बांधाला गवताचं पातं उरलं नव्हतं, आणि पोटाची चिंता काय माणसालाच असते? साऱ्या शिवारातल्या उंदरांनी बिऱ्हाड उचललं आणि सूनबाईच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये आणून टाकलं. विष घालायचं नाही, अशी पिल्लं देणाऱ्या कंपनीची ताकीद. पिंजरे लावले, तर पहिल्या दिवशी तीन सापडले आणि चौथ्या दिवसापासून बाकीचे पिंजऱ्याला वळसा घालून जायला लागले. मांजर आणली, तर तिनं उंदरांकडे ढुंकूनही न बघता दोन पिल्लं उचलली. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते असं.

परवा कंपनीचा सुपरवायझर येऊन सांगून गेला होता, "वहिनी, ही बॅच गेली की मी रिकामं शेड बघायला येणार. उंदराची एक जरी ताजी वाट दिसली, तर पुढची पिल्लं विसरा."

शेड तिनं हट्टानं उभं केलं होतं. नवरा दुधाच्या टँकरवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात तिच्या शब्दाला जी काही किंमत होती ती या पत्र्यांमुळे. शेड बंद पडलं तर तिथं ट्रॅक्टर लावायचा, हे सासऱ्यांनी जेवताना तीनदा बोलून दाखवलं होतं.

आता या सासरेबुवांचं सांगायला हवं. तीस वर्षं ते धरणावर पहारेकरी होते. उभ्या नोकरीत काठीशिवाय हातात काही आलं नाही, पण निवृत्त झाल्यावर लोक गमतीनं 'कमांडर' म्हणायला लागले आणि त्यांना ते खरंच वाटायला लागलं. दर रविवारी ते, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आणि आणखी चार रिकामी मंडळी कोरड्या तळ्यात जाऊन मातीच्या ढिगाऱ्याला कार्ड लावायची आणि मास्तरांच्या छऱ्याच्या बंदुकीनं नेम मारायची. दुसऱ्याच्या बंदुकीवर कमांडरकी किती दिवस करणार? त्यामुळे बंदूक त्यांनाही हवीच होती. फक्त उंदरांसाठी नको होती.

दुकानात बंदुकवाल्यानं विचारलं, "कशासाठी पाहिजे?"

"उंदीर," सून म्हणाली.

"नेमबाजी," सासरे म्हणाले. दोघं एकाच दमात.

बंदुकवाल्यानं चष्मा काढून पुसला. "म्हणजे दोन बंदुका."

"एकच!" इथं मात्र दोघांचं एकमत झालं.

त्यानं मग एक आखूड, हलकी बंदूक काढून सूनबाईपुढे ठेवली. "शेडमध्ये ही बरी. दम कमी आहे. जास्त दमाची घेतली तर छर्रा उंदरातून आरपार जाईल आणि तुमचा पाण्याचा पाइप फोडेल. उंदीर एक आणि गळती चार दिवस."

सूनबाईला ती तिथल्या तिथे पटली. तिनं खांद्याला लावून बघितली, नळी खाली वाकवून छर्रा भरून बघितला. हाताला बसत होती.

सासऱ्यांनी तोवर भिंतीवरची सगळ्यात लांब आणि जड बंदूक उतरवून घेतली होती आणि नातवंडाला घ्यावं तशी कवेत धरली होती. "ही बघ. जड बंदूक हलत नाही. कार्डावर असा नेम बसतो!"

"आबा, ही घेऊन मी शेडमध्ये वळू कशी? डाव्या हाताला पाइप, उजव्या हाताला पाइप!"

"अगं, उंदीर आज आहेत, उद्या नाहीत. नेम जन्मभराचा असतो."

"आणि पिल्लं? पिल्लं कधीपर्यंत असतात?"

तासभर हेच. ती 'हलकी' म्हणाली की ते 'जड', ती 'साधी' म्हणाली की ते 'दुर्बिणीची'. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपलं काम विसरून स्टुलावर बसून ऐकायला लागली. शेवटी बंदुकवाल्यानं जीव मेटाकुटीला येऊन मधलीच एक काढली. ना फार लांब ना आखूड, दम बेताचा, वर दुर्बीण. दोघांनाही ती मनातून आवडली नाही, म्हणून दोघांनीही होकार दिला.

दुकानामागच्या बोळात तो दुर्बीण जुळवायला बसला. "किती पावलांवर जुळवू?"

"पंचवीस!" सूनबाईनं तोंड उघडायच्या आत सासऱ्यांनी सांगून टाकलं. तिलाही त्यात वावगं वाटलं नाही. एकदा सरळ केलेली बंदूक जवळ काय आणि लांब काय, सरळच जाणार. बंदुकवाल्यानं स्क्रू फिरवले, वरून टोपण लावलं आणि बजावलं, "आता याला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सूनबाई उलट्या बादलीवर बसली. सात पावलांवर उंदरांची वाट. एक जाडजूड, बोक्यासारखा उंदीर आला, बसला, मिशा साफ करायला लागला. तिनं दुर्बिणीतली फुली त्याच्या डोक्यावर धरली, श्वास रोखला आणि चाप ओढला. उंदराच्या पुढ्यातलं तूस उडालं. उंदीर गेला.

दुसरा गेला. तिसरा गेला. आठवडा गेला.

तीन आठवडे ती रोज पहाटे उजाडायची वाट बघत बसली आणि रोज तूस उडवत राहिली. इतकी चिडायची की चहा करताना भांडी आपटायची. त्यात सासरे पायरीवर बसून म्हणायचे, "नाचता येईना अंगण वाकडं. बंदूक काय करणार? हात स्थिर लागतो. धरणावर असताना मी..."

"धरणावर तुमच्याकडे काठी होती, आबा."

"काठीलाही नेम लागतो!"

दर रविवारी ते बंदूक घेऊन तळ्यावर जात. येताना कार्ड घेऊन येत, त्याची पार चाळण झालेली असे. पाच छर्रे पाच दिशांना. तेव्हा वारा आडवा आलेला असे. सूनबाईच्या शेडमध्ये मात्र वारा नव्हता, त्यामुळे तिला कारणच उरत नव्हतं. रविवारच्या मंडळींत तिची गोष्ट चघळून झाली होती. कमांडरच्या सुनेला सात पावलांवर उंदीर लागत नाही! मास्तर रस्त्यात भेटले तर हसू दाबत विचारत, "काय सूनबाई, शिकार?"

हळूहळू तिलाही वाटायला लागलं, खोट आपल्याच हातात आहे. हे वाटणं उंदरांपेक्षा वाईट होतं.

मग एका सकाळी पुन्हा सात पिल्लं कुरतडलेली निघाली, तीही चांगली मोठी झालेली. तिनं ठरवलं, बंदूक तरी खोटी आहे नाहीतर मी तरी. सासऱ्यांचं एक कोरं कार्ड घेतलं, तुसाच्या पोत्याला टाचलं, सात पावलं मोजली, बादलीवर कोपर टेकवलं आणि मधल्या काळ्या ठिपक्यावर शांतपणे पाच छर्रे मारले. जाऊन बघते तर ठिपका धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. त्याच्या खाली दोन बोटांवर एकच भोक. म्हणजे पाचातला एक कसाबसा कागदाला लागला, बाकीचे चार कुठं गेले देव जाणे.

"आबा, चला. बंदूक परत करायची!"

बंदूक हातची जाणार म्हटल्यावर सासरे घाईघाईनं शर्ट चढवून निघाले, आणि वाटेत भेटलेल्या मास्तरांनाही बाजू मांडायला गाडीत घेतलं.

सूनबाईनं बंदूक आणि कार्ड काउंटरवर आपटलं. "पाचातला एक लागतो. हा बघा पुरावा. ही परत घ्या आणि मला ती आखूड द्या."

बंदुकवाल्यानं कार्ड उचललं. उजेडाकडे धरलं. मग भोकावर करंगळी ठेवून बघितली. त्याचा चेहराच बदलला.

"ताई, हे एका छऱ्याचं भोक नाही. एवढं मोठं आणि कडा अशा फाटलेल्या? पाचच्या पाच इथूनच गेलेत. एकावर एक!" त्यानं कार्ड गिऱ्हाइकांपुढे नाचवलं. "वीस वर्षं दुकान चालवतोय. असं कार्ड हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं मारतात. मारलं कुणी?"

सूनबाईनं ते भोक पुन्हा बघायला कार्डाकडे हात केला.

"मी," सासरे म्हणाले.

"अरे वा, कमांडर!" मास्तर ओरडले. "तळ्यावर आम्हाला चाळण दाखवता आणि हे घरी लपवून ठेवता?"

"तिथं वारा असतो," सासरे म्हणाले. सुनेकडे त्यांनी बघितलंच नाही.

बंदुकवाला मग सासऱ्यांनाच समजावून सांगायला लागला. दुर्बीण नळीच्या वर बसलेली असते. पंचवीस पावलांवर जुळवली तर फुली आणि छर्रा यांची गाठ तिथं पडते. सात पावलांवर छर्रा अजून खालीच असतो. "बंदूक चोख आहे. शेडमध्ये मारताना फुली दोन बोटं वर धरायची, बास. तुमच्यासारख्या हाताला काय अवघड आहे?" त्यानं कार्ड मागून घेतलं, खाली सासऱ्यांचं नाव लिहिलं आणि काउंटरमागच्या भिंतीवर चिकटवलं.

दोन बोटं. तीन आठवडे ती स्वतःच्या हाताला शिव्या देत होती, आणि फरक दोन बोटांचा होता. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. लोकांदेखत म्हाताऱ्याला खोटं पाडावं असं जिभेवर आलं होतं, पण पांढऱ्या केसांकडे बघून तिनं ते गिळलं.

मास्तरांना वेशीवर उतरवल्यावर मात्र ती बोलली. "आबा, कार्ड तुमचं. बंदूक माझी. आजपासून ती शेडमधून हलणार नाही."

सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रविवारी तेवढी..."

"रविवारी मंडळी तुमच्याकडून तसंच कार्ड मागतील. जाणार आहात?"

त्या रविवारी सासऱ्यांची कंबर धरली. पुढच्या रविवारी डोळे आले.

दुकानातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं फुली उंदराच्या डोक्याच्या दोन बोटं वर धरली. उंदीर जागच्या जागी कलंडला. ती बादलीवरून उठली, त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि एकटीच मोठ्यानं म्हणाली, "हात माझा चांगला आहे." बॅच जाईपर्यंत तिनं एकतीस लोळवले. सुपरवायझर रिकाम्या शेडमध्ये वाकून वाकून फिरला, कोपरे उकरले आणि जाताना एवढंच म्हणाला, "शुक्रवारी गाडी पाठवतो." ट्रॅक्टर झाडाखाली होता तिथंच राहिला.

नवी पिल्लं दहा दिवसांची झाली होती, तेव्हा एका रविवारी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून शेडमध्ये आले. खिशातून कोरं कार्ड काढलं.

"मंडळी ऐकत नाहीत गं. मास्तर न्यायलाच येतायत. एक मारून दे. मी घरी मारलं म्हणून सांगतो."

तिनं खाद्याचं भांडं खाली ठेवलं. "देते. पण आधी एकदा म्हणा, भिंतीवरचं कार्ड कुणी मारलं."

सासऱ्यांनी दाराकडे बघितलं. बाहेर कुणी नव्हतं. "तू," ते पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"तू मारलंस."

"आबा, दुकानात 'मी' म्हणालात तेव्हा आवाज मोठा होता."

म्हाताऱ्याचा पारा चढला. लाज आणि राग एकदम उसळून वर आला आणि ते बेंबीच्या देठापासून ओरडले, "तूच मारलंस गं बाई! तूच मारलंस!"

दोन हजार पिल्लं दचकून एका कोपऱ्यात धावली आणि एकमेकांवर चढली. तळातली गुदमरायला अशा वेळी दोन मिनिटंही लागत नाहीत. सूनबाई धावली, मागून इस्त्रीच्या शर्टासकट सासरेही धावले. दोघं गुडघ्यांवर बसून ओंजळी भरभरून पिल्लं बाजूला करायला लागली.

तेवढ्यात जाळीबाहेर मास्तर येऊन उभे राहिले. "काय झालं कमांडर? कसला आरडाओरडा?"

"काही नाही," सासरे म्हणाले. त्यांचे दोन्ही हात पिल्लांनी भरलेले होते. "सूनबाईच्या हातून भांडं पडलं."

सूनबाईनं एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग ओंजळीतली पिल्लं मोकळ्या तुसावर सोडली आणि पुढची उचलली.