गुणवंतरावांचे गाल

मूल गावापासून दोन कोसांवर गुणवंतरावांची धानाची शेती. दोन्ही गालांवर वांगाचे काळे चट्टे दहा वर्षांपासून होते, पण त्यांना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. घोळ झाला तो लेकीच्या, चंचलच्या साखरपुड्यात. बॅनर छापणाऱ्याने कॉम्प्युटरवर त्यांचे गाल असे लख्ख करून टाकले की पाहुणे विचारू लागले, "हे कोन? नवरदेवाचे काका काय?"

त्यांच्या पत्नी रुखमाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. गुणवंतराव मात्र बॅनरवरच्या त्या माणसाच्या प्रेमात पडले. लग्न फाल्गुनात होतं. 'राइस मिलवर जाऊन येतो' असं घरी सांगून त्यांनी चंद्रपूरची एसटी धरली आणि थेट त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला.

बाईंनी दोन ट्यूबा दिल्या. झोपताना लावायचं मलम, आणि उन्हात जाण्याआधीचं क्रीम. "महिनाभर हे लावा, मग लेझर. नुसत्या लेझरनं भागणार नाही, काका."

क्रीम थापणं हे पुरुषाचं काम नव्हे, असं गुणवंतरावांचं ठाम मत. ट्यूबा बियाण्याच्या कोठीत गेल्या. महिन्याने बाईंनी विचारलं, "लावता ना?"

"लावतो ना!" ते छातीठोकपणे म्हणाले.

लेझर झालं. दुसऱ्याच दिवशी धानाची मळणी निघाली. आठ दिवस उघड्या डोक्याने खळ्यावर उभे राहिले, आणि चट्टे होते त्याहून गडद झाले.

"राइस मिलले आग लागली व्हती का?" रुखमाबाईंनी विचारलं.

मग सगळं कबूल करावं लागलं. ट्यूबा हातात घेऊन रुखमाबाई बघतच राहिल्या. "सील बी तोडलं नाई! तोंड भाजून घ्याले चंद्रपूरले गेले व्हते काय?"

पुढच्या खेपेला त्या सोबत गेल्या आणि नवऱ्यादेखत डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून मोकळ्या झाल्या. बाई रागावल्या नाहीत. आधी त्वचेला विश्रांती, मग मलम, मग अगदी हलकं लेझर, असं ठरलं. त्या दिवसापासून जेवणं आटोपली की रुखमाबाई बोटावर मलम घेऊन समोर बसायच्या.

"नवरीपरीस नवरीच्या बापाचीच हयद जोरात हाय," गालांना हळदीसारखं मलम लावत त्या म्हणायच्या. गुणवंतराव मान वर करून गुमान बसायचे. इतकी वर्षं संसार झाला, पण रुखमाबाईंच्या बोटांचा स्पर्श एवढा हलका असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

लग्नापर्यंत चट्टे निम्म्याहून फिके झाले. डाव्या गालावर थोडं सावट उरलं, ते उरलंच. वैशाखात बाईंनी तपासलं आणि मलम बंद केलं. "आता फक्त उन्हाचं क्रीम. तुमचं तुम्हाला लावता येईल."

"मले चष्म्याबिगर दिसत नाई," गुणवंतराव लगबगीने म्हणाले. धानातला खडा दहा हातांवरून टिपणारा हा माणूस!

रुखमाबाईंनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते शेतात निघाले तशी त्यांनी ओसरीवर पाट मांडला. "बसा इथी. डोये मिटा. अन् हसू नोका, क्रीम तोंडात जाते."