एकट्याने फिरणारी चक्की

“घरात माणसं किती?” दुकानदाराने नवरा-बायकोला विचारलं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा; तो समोरच्या घरघंटीचा प्लग उगाच उलटसुलट करून बघत राहिला. शेवटी तीच म्हणाली, “ते जाऊ द्या हो. आठवड्याला दोन पाव होतील एवढं पीठ निघालं की झालं.”

ती दवाखान्यात रक्त तपासायची आणि सुटीच्या दिवशी घरी अख्ख्या गव्हाचा पाव भाजायची. विकतच्या पिठाला कडवट वास येतो, ही तिची जुनी तक्रार. “पुढच्या वर्षी चक्की घेऊ,” हे त्याचं तितकंच जुनं उत्तर. आता पुढचं वर्ष उरलंच नव्हतं. येत्या रविवारी तो सामान घेऊन भावाच्या गावी जाणार होता, कायमचा. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या होऊन गेल्या होत्या. भांडण नव्हतं, कोणी तिसरं नव्हतं. बोलणं संपलं होतं, आणि ते कधी संपलं हेही दोघांच्या लक्षात आलं नव्हतं. जाण्याआधी चक्कीचं तेवढं उरकून टाकू, म्हणून तो तिला घेऊन आला होता. माणूस शब्दाचा पक्का, फक्त शब्दच मोजके. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण भूल दिलेल्या दाढेसारखं झालं होतं. काहीतरी उपटलं जातंय हे कळत होतं, दुखत मात्र नव्हतं.

दुकानदाराच्या जिभेला विसावा नव्हता. “ही पोलादी पात्यांची. झटपट दळते, पण शेजारी भांडायला येतील एवढी ओरडते. ही दगडाची. मऊसूत पीठ, बटण दाबा आणि विसरा. वहिनी, डोळे मिटून हीच घ्या.”

“आणि ती कोपऱ्यातली, हाताची?”

“ती होय? पावाचं बारीक पीठ काढायचं म्हणजे घाम फुटतो तिच्यावर. बघायचीय?”

त्याने ती टेबलाच्या कडेला आवळून बसवली, मूठभर गहू टाकले. नवऱ्याने दांडा धरला. दोन फेऱ्यांतच टेबल नाचायला लागलं. कोणी न सांगता ती पुढे झाली आणि दोन्ही तळवे टेबलावर दाबून उभी राहिली. तो फिरवत होता, ती धरून होती. एक काम दोघांनी मिळून केल्याला किती दिवस झाले, ते तिला आठवेना.

“हे बघा! जोडीनं दळायचं, मग भांडायला दमच उरत नाही,” दुकानदार हसला.

“आणि एकट्या माणसाला?” नवऱ्याने विचारलं.

“एकट्याने कशाला हा उपद्व्याप? एकट्याला ती विजेचीच बरी.”

“मला हीच हवी,” ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची सवय त्याला चांगली ठाऊक होती. ‘राहा’ हा शब्द तिच्या तोंडून या जन्मी निघाला नसता. तिला म्हणता आलं ते एवढंच.

“नक्की?”

“नक्की.”

त्याने खोकं उचललं.

घरी आल्यावर ती चहा ठेवायला वळली, तेवढ्यात मागे ड्रिल सुरू झालं. स्वयंपाकघरातलं टेबल त्याने भिंतीला सरकवलं होतं. त्याने भिंतीत भोकं पाडली, लोखंडी अँगल लावले, टेबल भिंतीला जखडलं आणि त्यावर चक्की बसवली. एकेक बोल्ट पुन्हा आवळून पाहिला. तिचं म्हणणं त्याला कळलं होतं, आणि हे त्याचं उत्तर होतं. चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला आणि जवळ येऊन उभी राहिली.

त्याने गहू टाकले, दांडा धरला. तिचे तळवे आपसूक टेबलावर गेले.

“हात काढ,” तो हळूच म्हणाला.

तिने एक हात काढला, मग दुसरा. तो जोर लावून फिरवत राहिला. पीठ पडत होतं, आणि टेबल जागचं हललं नाही.