गळका मांडव

धरमपेठेतल्या ज्यू मुलांच्या छोट्याशा शाळेचा आसपासच्या पोरांना शनिवारी हेवा वाटे, कारण ती बंद असे. रविवारी ती भरे, तेव्हा हीच पोरं कुंपणावर बसून हसत.

शाळेचे ठाण्यात राहणारे विश्वस्त वाकरूळकर यंदा सुक्कोथला येणार होते. पोरं तिथे धर्माचं काही शिकतात की नुसते डबे खातात ते बघतो, नाहीतर शाळा बंद करू, असं त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं. हेडमास्तर शालोम रोहेकरांची भूक गेली.

सुक्कोथ हा मांडवाचा सण. आठवडाभर जेवण मांडवातच, आणि छप्पर फांद्यांचं, आभाळ दिसेल असं. सरांनी हे मंडपवाल्या जागेश्वरला समजावलं. त्यानं मान डोलावली, शिंदीच्या झावळ्या टाकल्या आणि ढग बघून वरून ताडपत्रीही बांधली. प्रेमानं, फुकट.

"काढ गा ते," सर म्हणाले.

"सर, माह्या मांडवातून आजवर थेंब नाही गळला. लोकं काय म्हणतीन मले?"

"गळला तरच मांडव पास हाये."

असं गिऱ्हाईक जागेश्वरला धंद्यात पहिल्यांदाच भेटलं होतं. त्यानं ताडपत्री काढली, आणि सोबत आपल्या नावाची पाटीही.

संध्याकाळी वाकरूळकरांनी वर पाहिलं. ढग दिसले, ते खूश झाले. कोंबडीचा रस्सा वाढला आणि पाऊस कोसळला. पोरं ताटं घेऊन वर्गात पळाली. साहेब हलले नाहीत. धर्मासाठी जरा भिजलं तर बिघडतं काय, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या ताटातला रस्सा वाढतच होता. सर छत्री घेऊन धावले, पण सुक्कोथच्या मांडवात छत्री चालते का, हे त्यांना आठवेना.

साहेबांनी पोरांना विचारलं, का पळालात? सरांनी घोकून घेतलेला सुक्कोथचा नियम सगळ्या वर्गानं एका सुरात म्हटला.

"पावसानं जेवण बिघडलं की आत जायचं. तरी जो बसून राहतो, त्याला मूर्ख म्हणतात."

सरांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात शाळेला कुलूप लावलं.

साहेबांनी ताट उचललं. मग उठले, वर्गात गेले आणि पहिलीच्या बाकावर कसेबसे मावले.

"रोहेकर, शाळा चालू ठेवा," ते म्हणाले. "मला हे आजवर कुणी शिकवलं नव्हतं. आणि रस्सा दुसरा वाढा."

बाहेर जागेश्वर आपला मांडव धो धो गळताना बघत होता. मांडव पास झाला, हे सरांनी सांगितल्यावर त्यानं भर पावसात पाटी परत लावली.