तवशाचं पाणी

स्वयंपाकाच्या बाबतीत मार्तंडरावांनी उभ्या आयुष्यात दोनच कामं केली होती: नारळ सोलून देणं आणि 'मीठ कमी आहे' असं सांगणं. दुसरं ते जास्त मन लावून करत. त्यामुळे गणपती गेल्यावरच्या रविवारी ते पडवीत चूल पेटवताना दिसले, तेव्हा आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या अलीकडे माझी अळूची पानं चिरायची तशीच राहिली.

कारण मला ठाऊक होतं. त्यांची बायको, आमची गोदाताई, माघात गेली. मुलगी आश्लेषा पुण्याहून आली ती ठरवूनच, की बाबांना घेऊनच जायचं. "साधा वरणभात जमत नाही तुम्हाला. डब्यावर किती दिवस काढणार?"

मार्तंडराव उसळले. "वरणभात काय, धोंडस करून घालतो तुला. तुझ्या आईसारखं."

"जमलं तर राहा श्रीवर्धनात. नाही जमलं तर उद्या माझ्याबरोबर गाडीत."

धोंडस म्हणजे आमच्याकडचा केकच. पिकलेलं तवसं, म्हणजे जून झालेली मोठी काकडी, किसायचं, त्यात तांदळाचा रवा, गूळ, खोबरं घालायचं, पातेल्यात हळदीच्या पानावर ओतायचं नि खाली-वर निखारे ठेवून भाजायचं. तवशाचा वेलसुद्धा गोदाताईचाच म्हणायचा. राखेत घोळून तिनं भिंतीला थापलेल्या बिया मार्तंडरावांनी मृगात लावल्या, मांडव घातला, वानरं हाकलली. तवसं मांडीएवढं झालं. वाडीच्या कामात माणूस पक्का, हे मी त्यांच्या जमेला धरते.

कीसही बरा पाडला. पण मग तो दोन्ही मुठींनी पिळला आणि सगळं पाणी पोफळीच्या बुंध्याशी ओतून दिलं!

मी उभीच राहिले. पिळायची ती कोशिंबिरीची काकडी. गोदाताई ती पिळताना पाटावर बसून त्यांनी पाहिलेली, तेवढंच त्यांचं शिक्षण. धोंडसाचा रवा त्या पाण्यातच तर भिजतो.

"भाऊजी, अहो..."

"वहिनी, आज गडग्यापलीकडून शिकवणी नको. पैज आहे."

"सुचिताकाकू, सांगायचं नाही हं!" आश्लेषा पायरीवरून ओरडली.

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. बसले.

झाकणावर करवंट्यांचे निखारे पडले नि तो वास आला. याच वासावर माझा सुश्रुत पुस्तक उघडं टाकून गडगा ओलांडायचा. मग पातेल्याच्या बुडाच्या खरवडीवरून त्याची नि आश्लेषाची जुंपायची. गोदाताई पळी घेऊन न्यायाला बसे: अर्धी-अर्धी, आणि रडेल त्याला कमी. सुश्रुत आता बंगळुरात असतो. तिथे असली भांडणं मिळत नाहीत म्हणतो.

झाकण उघडलं. वरून रंग झकास. सुरी घातली तर भुसा.

मार्तंडरावांनी घास बराच वेळ चावला. "मीठ कमी आहे," म्हणाले.

"बाबा, रवा कच्चा आहे."

त्यांनी उपरण्याला हात पुसले. एकदा मांडवाकडे पाहिलं. "बॅग माळ्यावर आहे. काढतो," म्हणून आत गेले.

आश्लेषा पातेलं घासायला टाकणार, तोच थांबली. गूळ वितळून सगळा खाली उतरला होता. बुडाशी, हळदीच्या पानाला धरून, काळपट लाल खरवड चकाकत होती. तिनं पळीनं खरवडून एक तुकडा तोंडात टाकला. मग पायरीवर बसली. मग दुसरा. डोळे पुसले ते पळीच्याच हाताने.

"काकू, या! लवकर या, मी अर्धी ठेवीन असं नाही."

या गुडघ्यांनी मी गडगा ओलांडला. तिनं मोजून अर्धी दिली. आईचीच मुलगी.

मार्तंडराव बॅग घेऊन दारात आले.

"ती कुठे नेताय?" आश्लेषा म्हणाली. "वेलावरचं दुसरं तवसं कधी पिकेल?"

"दसऱ्याला."

"मी येते तेव्हा. आणि त्या खेपेला पाणी ओतून देऊ नका."

"पाणी? कसलं पाणी?" ते माझ्याकडे वळले. "वहिनी! तुम्हाला माहीत होतं?"

माझ्या तोंडात खरवड होती. भरल्या तोंडानं बोलू नये, हे गोदाताईचंच शिकवणं.