स्प्रिंगच्या पलीकडचे हात

गाडीची चावी लुब्वामाच्या गॅरेजापुढं, जुन्या टायरवर होती. तिच्या कडीला बांधलेला शेंदरी लोकरीचा गोंडा अजून हलत होता, म्हणजे सासूबाईंनी ती नुकतीच तिथं ठेवली होती — ठेवून त्या चार पावलं मागं सरल्या, मग आणखी दोन, आणि केळी विकणाऱ्या नालोंगोच्या शेगडीआड पाठमोऱ्या बसल्या. तेव्हा कुठं लुब्वामा पुढं झाला. हातातून हातात काही द्यायचं नाही. जावई आणि सासू एकमेकांना शिवले की दोघांच्या हातांना कायमचा कंप सुटतो, हे कात्वे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

नऊ वर्षं... नऊ वर्षांत ह्या बाईंचा आवाज दाराआडून ऐकला, पाठ पाहिली, आणि त्यांची ही चिमुकली गाडी रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या गॅरेजात वळताना पाहिली. दर वेळी काळजात काहीतरी टोचायचं. आणि आज त्या आपल्याकडं आल्या! का आल्या ते राहू दे. आल्या ना?

नालोंगो केळी भाजत होती. जुळ्यांची आई, म्हणून अख्ख्या गल्लीची नालोंगो. मधल्या निरोपांची जबाबदारी तिनं कुणी न सांगता उचलली होती आणि तिला त्यात भलतीच मजा येत होती.

"ऐक रे जावईबापू, तुझ्या सासूबाई म्हणतात, वळवताना गाडी बोलते. कुईंऽऽ करते, मग टक्."

"उजवीकडं वळताना की डावीकडं?"

"दोन्हीकडं. आणि तो पलीकडचा म्हणाला, गाडीला काही झालेलं नाही, बाईंनाच चालवता येत नाही." नालोंगोनं केळं उलटवलं. "रविवारी मुलगे यायचेत. आई गाडी मोडते म्हणून गाडी घेऊन जाणारेत."

लुब्वामानं गाडी घेऊन समोरच्या फणसाच्या झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. एक उजवी, एक डावी. गाडी गप्प. स्टिअरिंगचं तेल पाहिलं, पट्टा पाहिला, चाकं उचलून सांधे हलवून पाहिले — सगळं घट्ट, सगळं शहाण्यासारखं. पुन्हा फेरी, पुन्हा गप्प. त्याला घाम फुटला. आवाज येत नाही असं सांगितलं, तर तो पलीकडचा आणि मी ह्यांत फरक काय? मुलगे गाडी नेतील, आणि त्यावर शेवटचं शिक्कामोर्तब माझं असेल... पण त्या चालवतात तेव्हा बोलते आणि मी चालवतो तेव्हा नाही, असं का? गाडी तीच, झाड तेच. त्या आणि मी, आमच्यात फरक काय?

त्यानं स्वतःकडं पाहिलं. काडीपैलवान! मग शेगडीआडच्या त्या ऐसपैस, भरल्या पाठीकडं पाहिलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण पाठोपाठ कानशिलंही तापली, कारण हे सांगायचं कसं? शेजारी बसून ऐकावं, तर एवढ्याशा गाडीत गुडघ्याला गुडघा लागायचा. छे, छे.

"नालोंगो, त्यांना म्हणावं, गाडीत बसा आणि स्टिअरिंग नुसतं हळूहळू फिरवा. गाडीला ना... मालकीण लागते."

"वजन लागतं म्हण की! उठा हो बाई, तुमच्या वजनाचं काम निघालंय!"

धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं. पण शेगडीआडून हसू आलं — मोठं, मोकळं, खोकल्यावर संपलेलं हसू. नऊ वर्षांत हे कधी ऐकलं नव्हतं.

त्या बसल्या. तो बाहेर उकिडवा झाला, चाकामागं हात घालून त्यानं स्प्रिंग मुठीत धरली. इंजिन सुरू झालं. चाक वळलं, स्प्रिंग अडली, पिळत गेली, आणि मुठीतच उडी मारून सुटली. कुईंऽऽ, टक्! सापडलं! शॉकअपच्या डोक्यावरचं बेअरिंग, वाळून खडखडीत झालेलं. त्याला नाचावंसं वाटलं.

हात मात्र त्यानं काढला नाही. स्प्रिंगमधून आणखी काही येत होतं — प्रत्येक वळणाआधी एक थबकणं, मग जपून घेतलेलं इंचभर वळण, मग पुन्हा थबकणं... म्हणजे ह्या भितात? लग्नाच्या बोलणीत पडद्याआडून 'काळ्या हातांचा जावई नको' असं ठणकावणाऱ्या, नवरा गेल्यावर साठीत गाडी शिकलेल्या ह्या बाई... चाकाला भितात आणि तरी रोज चालवतात. मधे लोखंड होतं, रबर होतं, ग्रीस होतं. हे शिवणं धरायचं की नाही, ह्याबद्दल वाडवडील काहीच सांगून गेलेले नाहीत.

"थांबू का?" आवाज सरळ त्याच्याकडं आला. नालोंगोला वगळून.

"आणखी एकदा, आई," तो म्हणाला. खरं तर गरज नव्हती.

दुपारपर्यंत नवं बेअरिंग बसलं. सासूबाईंनी फणसाभोवती फेरी मारली, गाडी चकार शब्द बोलली नाही. त्यांनी आणखी दोन फेऱ्या उगाचच मारल्या. मग शेगडीमार्गे प्रश्न आला, चूक कुणाची होती?

"बेअरिंगची. भार आला की अडकायचं. चालवण्यात काडीची चूक नाही. म्हणावं, तुमच्या मुलांपेक्षा बऱ्या चालवता."

"हे मला सांगून काय उपयोग?" नालोंगो म्हणाली. "रविवारी मुलांसमोर कोण सांगणार?"

तो फडक्यानं हात पुसत राहिला. सासूबाईंची गाडीही उत्तराची वाट पाहत जागची हलली नाही. त्या घरी जावयानं दाराशी चटईवर बसायचं, वाढलेलं जेवायचं, उकडून कुस्करलेल्या केळ्यांची तारीफ करायची आणि उठायचं. मेहुण्यांच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही. तो नऊ वर्षं तसाच बसत आला होता, आणि आपल्याला ते जमतं ह्याचा त्याला थोडा अभिमानही होता... आता तो अभिमान कुठं गेला ते कळेना. रविवारी आपण जाणार, एवढं नक्की. तोंड उघडणार का? नुसत्या विचारानंच त्याला भीती वाटली. आणि ती भीती त्याला चक्क आवडली.