परीट अजून गेला नाही

मित्रांनो, मी एक जुनी दगडी डोणी आहे. मआन शहराच्या पूर्वेच्या वाळवंटात, एका विहिरीच्या काठाला माझं सगळं आयुष्य गेलं. फल्हा म्हातारीच्या सासऱ्याने मला एका पांढऱ्या दगडातून कोरलं. हात सोलवटले त्याचे, पण कामात कुचराई केली नाही. पुढे पाणी पिता पिता मेंढ्यांनीच माझा काठ गुळगुळीत केला. येणारा-जाणारा म्हणायचा, "वा, डोणी असावी तर अशी!" मग पत्र्याची टाकी आली आणि माझ्यात वाळू साचली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पत्रा तो पत्राच. काही उन्हाळ्यांत गंजून गेला, आणि फल्हाच्या सुनेने, नौफाने, मला ओंजळीओंजळीने रिकामी करून पुन्हा पाण्याने भरलं.

पाणी आलं की पाखरं येतात. हिवाळाभर शेपूट नाचवणारे परीट माझ्या काठावरून तुरुतुरु धावतात. ऊन चढू लागलं की तुरेवाला हुदहुद येतो, मागून पाकोळ्या, सरतेशेवटी वेडे राघू. परीट केव्हा निघून जातात ते मात्र कुणाच्या ध्यानातही येत नाही. जाणारे बिचारे गाजावाजा करत नाहीत.

त्या वर्षी हुदहुद लवकर आला. फल्हाला दिसत नव्हतं, पण कान तिखट. त्याची हाक ऐकताच ती कात्री घेऊन विहिरीवर आली. हुदहुद बोलला की लोकर कापायची, आणि पहिली मेंढी घरातल्या थोरल्या बाईने कापायची, असा त्यांचा रिवाज. पण हिवाळा संपला संपला म्हणताना एक शेवटची थंडी मागे फिरते. तिला इथे 'म्हातारीची थंडी' म्हणतात. ती आली तर उघड्या पडलेल्या मेंढ्या गारठून मरतात. नौफाचा नवरा मतलग दूर शहरात ट्रक चालवायचा. घर चालायचं ते या कळपावरच.

म्हातारीने आपल्या लाडक्या मेंढीची लोकर चाचपडत उतरवलीसुद्धा. दुसरी पुढे ओढली, तोच नौफाने तिचा हात धरला.

"आत्या, थांबा. परीट अजून गेले नाहीत."

"अगं, हुदहुद आला ना? मग झालं तर!"

"तो आला हो. पण थंडी सरल्यावर जायचे ते गेलेत कुठे?"

"मला शिकवतेस? माझे केस काय उन्हाने पांढरे झाले?"

"आत्या, मेंढ्या मेल्या तर ह्यांना काय तोंड दाखवू? मला हवं ते बोला, पण कात्री मी देणार नाही."

सुनेने सासूच्या हातातली कात्री काढून घेतली! मला तर धडकीच भरली. म्हातारी फणफणत माझ्या काठावर बसली. एवढ्यात तिच्या हातापासून वितीवर परिटाचा आवाज आला, "चिझिक! चिझिक!"

म्हातारी चपापली. "मेला अजून इथेच आहे होय! बरं बाई, राहू दे. पण मेंढ्या उन्हाने धापा टाकायला लागल्या, तर तुझेच केस कापीन."

दोनच दिवसांत वारा फिरला. काय ती थंडी! माझ्या पाण्यावर बर्फाची साय धरली. सकाळी नौफा कळपात शिरली. एकेका मेंढीला हात लावून पाहत होती. सगळ्या जिवंत, आरामात रवंथ करत बसलेल्या! आणि लोकर कापलेली ती लाडकी? ती त्यांच्या राहत्या तंबूतून डुलत बाहेर आली, अंगात मतलगचा केसाळ कोट घालून. नौफाला हसू आवरेना, आणि रडूही.

"हसतेस काय?" म्हातारी आतून म्हणाली. "त्याच्यापेक्षा हिलाच शोभतोय."

मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! मित्रांनो, दारी पाखरांसाठी पाणी ठेवा, ते भांडं अधूनमधून घासा. आलेल्याचं कौतुक जरूर करा, पण गेलं कोण, राहिलं कोण, तेही बघत जा.

त्या कात्रीचं पुढे काय झालं म्हणता? एका सकाळी माझा काठ सुनासुना होता, आणि वर आभाळात वेडे राघू ओरडत होते. फल्हा काठी टेकत आली.

"नौफा, गेले का गं?"

"गेले, आत्या." नौफाने कात्री तिच्या हातात दिली.

म्हातारीने ती चाचपली, आणि मूठ सुनेकडे करून परत पुढे धरली. "धर. पहिली मेंढी तू काप."