चकाकणारा कोपरा

मित्रांनो, मी एक जुना गुंडाळफळा आहे. भिंतीवरचे फळे मला आपल्यात धरत नाहीत. ते जागा सोडत नाहीत आणि मी कुणाच्या तरी काखेत बसून शाळोशाळी हिंडतो. पण शिक्षक होण्याची पदवी घेताना परक्या शाळांत सरावाचे पाठ घ्यावे लागतात, तेव्हा माझ्यावाचून अडते.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरच्या खोलीत माझा जन्म झाला. त्यांची लेक विद्यापीठात प्राथमिक शिक्षिका होण्यासाठी शिकत होती. तिच्या मैत्रिणींनी तयार फळे आणले. तसाच आणण्याचे तिने घरी सुचवले, तर पेंटर दुखावलेच. सोनाराच्या लेकीने पितळ घालायचे का, असे त्यांचे म्हणणे.

त्यांनी जाड कापड ताणले आणि त्यावर काळ्या रंगाचे हात दिले. शेवटी पाट्यांना देतात तसा चकाकीचा हात फिरवला. माझ्यात चक्क तोंड दिसू लागले. पेंटरांनी माझ्यासमोर उभे राहून भांग पाडून दाखवला. त्यांच्या पाट्यांवर आजवर कुणी खडूने लिहिले नव्हते. खडूला खरखरीत पाठ लागते, हे बापलेकींपैकी कुणालाच सुचले नाही.

पहिल्या पाठाला मी पहिलीच्या वर्गात टांगला गेलो. मागच्या बाकावर पाठ तपासणाऱ्या प्राध्यापिका बसल्या होत्या. ताईंनी, म्हणजे पेंटरांच्या लेकीने, खडू टेकवला, तो घसरला. दाबला, तो मोडला. पुढच्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "बाई, तुमचा फळा ओला आहे का?"

ताईंनी मोडका खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "नाही. पण करू या की."

त्यांनी बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून 'म' काढला आणि तो वाळायच्या आत ओळखायला सांगितले. मग काय विचारता! जो तो बोट ओले करून रांगेत उभा. प्राध्यापिकाही हसल्या, पण शेरा मारायला विसरल्या नाहीत. मुले रंगली, मात्र अखेरच्या परीक्षेला असा फळा चालणार नाही.

बाबांना हे कसे सांगावे, या विचारात ताई घरी आल्या. बाबांनी विचारलेच, "कसा दिसला फळा?"

"फळा राहू दे, बाबा. मीच दिसले त्यात."

पेंटरांना उमगले. पोट धरून हसले, स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला आणि पॉलिशपेपर घेऊन मला घासायला बसले. अंगाची सालटी निघत होती, पण उपाय नव्हता. खालच्या कोपऱ्याशी आले तेव्हा ताई म्हणाल्या, "एवढा असू दे."

पुढे खडू माझ्यावर छान चालू लागला. शेरेही चांगले मिळत गेले. अखेरची परीक्षा तोंडावर आली आणि पेंटर गेले.

मी कपाटामागे धूळ खात पडलो. ताई वर्गांना जाईनात. मैत्रिणींनी आपला फळा देऊ केला, त्याकडेही त्यांनी पाहिले नाही. वर्ष वाया जाते की काय, असे मलाच वाटू लागले. परीक्षेच्या सकाळी मात्र त्यांनी मला ओढून बाहेर काढले. कोरड्या फडक्याने पुसत पुसत त्या खालच्या कोपऱ्याशी आल्या आणि तिथेच थबकल्या. मग मला गुंडाळून चपला घातल्या.

वर्ग नवा, परीक्षकही परके. ताईंचा आवाज सुरुवातीला बसलेलाच होता. तेवढ्यात एका मुलाने विचारले, "बाई, हा कोपरा का चमकतो?"

"तो माझ्या बाबांनी रंगवलाय."

"मग बाकीचा कुणी?"

"बाकीचाही त्यांनीच," ताई म्हणाल्या.

मुलाला ते पटले. त्याने कोपऱ्यात वाकून पाहिले आणि बोटांनी नीट भांग पाडला. वर्ग हसला, आणि किती तरी दिवसांनी ताईही हसल्या. त्यानंतरचा पाठ असा झाला की घंटा झाल्याचे कुणाला कळले नाही.

ताई आता तुमच्या, पहिलीच्या बाई आहेत. मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसू नका, माझी घडी घालू नका आणि चांगल्या मनानेसुद्धा तो कोपरा घासू नका. तो खाली आहे, तुमच्या उंचीवर. बाईंना तिथे पाहायचे असेल तर खाली बसावे लागते. त्या अधूनमधून बसतात.